पेंटरचा पांढरा

सकाळी तोंड धुवायच्या आत फोनमधली बाई बोलायला लागायची आणि पेंटरच्या डोक्यात तिडीक जायची. "नमस्कार काका! आज आपला श्वास कसा आहे?" काका म्हणे! जिला तोंड नाही की फुप्फुसं नाहीत, तिने याच्या श्वासाची चौकशी करायची, तीही कुणाच्या बारशाला आल्यासारखी लाडात येऊन. त्याला तो फोन उचलून मोरीत फेकावासा वाटे. पण फोन मुलीने घेऊन दिलेला होता.

पेंटर हे काही त्याचं नाव नव्हे, पण गल्लीत दुसऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. उभा जन्म गॅरेजमध्ये गाड्या रंगवण्यात गेला होता. ठोकलेली गाडी यायची, पत्रा सरळ व्हायचा, खळग्यांत लांबी भरून घासून व्हायची, आणि मग हा हातात रंग फवारायची गन घेऊन उभा राहायचा. त्याची ख्याती होती ती शेड जुळवण्यात. उन्हाने विटलेल्या जुन्या दाराशेजारी नवं दार तो असं रंगवायचा, की कुठलं बदललं ते मालकालाही सांगता येऊ नये. डब्यातला रंग जसाच्या तसा त्याने कधी मारला नाही. थेंबाथेंबाने मिसळून, बोटावर घेऊन, उजेडात धरून बघायचा. मास्क लावला तर थिनरचा वास येत नाही, आणि वास आला नाही तर रंग किती पातळ झाला ते कळत नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा. तेव्हा ती फुगत होती.

त्या दिवसांत ज्या रंगाची गाडी त्या रंगाची शिंक. घरी आल्यावर रुमाल बायकोपुढे टाकायचा.

"आज लाल गाडी होती का?" ती विचारायची.

"लाल नाही, मरून. तुला रंगातलं काही कळत नाही."

हा त्यांच्या घरातला जुना विनोद. निदान पेंटर त्याला विनोद समजत असे. रुमाल मात्र तीच धुवायची.

काम सुटलं आणि छातीने आपला हिशेब मांडला. जिना चढला की धाप, अंघोळ केली की धाप, बुटाची लेस बांधायला वाकला तरी धाप. आजार जुनाट आहे, जाणार नाही, पण जपलात तर आहे तिथेच राहील, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मग दवाखान्यातल्या सिस्टरने असल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एका हॉलमध्ये बसवलं आणि फोनमधल्या ॲपवर आजार कसा सांभाळायचा ते शिकवलं. हॉल कसला, खोकल्यांचा कारखाना! एक थांबला की दुसरा सुरू. समोर पडद्यावर दोन गुलाबी फुप्फुसं नाचत होती. त्यांना टपोरे डोळे होते आणि गालांवर खळ्या. ज्या अवयवाने जीव नकोसा केला होता, तोच डोळे मिचकावून "चला, दीर्घ श्वास घेऊ या" म्हणतोय, हे बघून पेंटरला शिसारी आली. साठी उलटलेल्या माणसांना बालवाडीत बसवण्याची ही अक्कल कुणाची, देव जाणे.

सिस्टर मात्र सरळ बोलणारी होती. औषधाचा पंप तोंडात कसा धरायचा, दाबायचा केव्हा, श्वास रोखायचा कसा, सगळं तिने स्वतः करून दाखवलं. शेवटी म्हणाली, "बाकीचं विसरलात तरी एक वेळ चालेल, पण कफाचा रंग फोनवर रोज खरा दाबा. रंग बदलला म्हणजे छातीत जंतू वाढले. वेळेवर औषध मिळालं तर घरच्या घरी बरे व्हाल. उशीर झाला तर जिवावर बेतेल." मग पेंटरकडे बघून हसली. "तुम्हाला काय सांगायचं, तुमचा तर जन्मच रंगात गेला."

फोनवर रंगाचे चार चौकोन होते. पांढरा, पिवळा, हिरवा, तपकिरी. पेंटरने ते बघितले आणि नाकच मुरडलं. यांना काय रंग म्हणायचं? तो हिरवा तर बागेतल्या बाकड्याचा होता. "असला हिरवा ज्याच्या छातीतून निघेल तो माणूस नव्हे, झाड असणार," तो बायकोला म्हणाला. तीही हसली.

दाबलेला रंग सिस्टरला दिसायचा आणि परगावी असलेल्या मुलीलाही. तशी सोय तिने हौसेने करून घेतली होती. पांढरा दाबला की फोनमधली बाई "शाब्बास काका!" म्हणायची, पडद्यावर फुलं पडायची, आणि थोड्या वेळाने मुलीचं लाल बदाम यायचं.

कफ थुंकायला पेंटर मागच्या मोरीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. त्याला स्वतःची किळस यायची. गाडीच्या रंगाने माखलेला रुमाल तो मिरवत आणायचा, कारण ती कामाची खूण होती. आता छातीतून जे तारा सुटत यायचं ते नुसतं कुजणं होतं. ते बायकोने बघू नये म्हणून तो लगेच नळ सोडायचा. आणि त्याचा रंग आपल्या पोरीच्या फोनवर जातो, ती कचेरीत चारचौघांत बसून बापाच्या थुंकीचा रंग बघते, या विचाराने तो नळ आणखी मोठा करायचा.

एके सकाळी खोकून खोकून इतका दमला, की नळ सोडायच्या आधीच स्टुलावर बसला. दार उघडंच राहिलं होतं. आवाज ऐकून बायको आत आली आणि मोरीत बघून थबकली.

"अहो, हे हिरवं आहे."

"हिरवं नाही." तो धापा टाकत म्हणाला. "पांढऱ्यात पिवळा, आणि काळ्याचा थेंब. तुला रंगातलं काही कळत नाही."

"सिस्टरना फोन लावू का?"

"बाजूला हो आधी. बघत काय बसलीस घाणीत?"

ती बाजूला झाली. त्याने नळ सोडला, फोन घेतला आणि पांढरा दाबला. शाब्बास काका! फुलं पडली. बदाम आलं.

पुढेही तो पांढराच दाबत राहिला. शेडचं निमित्त त्याला आयतंच सापडलं होतं. चौकोन चुकीचे आहेत, आपला रंग त्यांत बसत नाही, हे तो स्वतःलाच इतक्या तोऱ्यात सांगत होता की ते पटायलाही लागलं. खरी गोष्ट एवढीच होती, की हिरवा दाबला असता तर सिस्टरने कफ डबीत घालून आणायला सांगितलं असतं, मुलीने काळजीने चार प्रश्न विचारले असते, आणि सगळ्या घराने त्याच्या घाणीवर चर्चा केली असती. एवढ्यासाठी हा शहाणा माणूस जीव पणाला लावून बसला होता. बायको दोनदा बोलायला गेली आणि दोन्ही वेळा गप्प बसली. उभ्या संसारात रंगाच्या बाबतीत तिचं कधी खरं ठरलं नव्हतं.

हळूहळू त्याचं बोलणं तुटायला लागलं, दर दोन शब्दांमागे श्वास. जेवण निम्म्यावर आलं. आणि एक दिवस पांढरा दाबून उठताना तो मोरीच्या उंबऱ्यातच कोसळला. ओठ निळे पडले होते. बायकोने शेजाऱ्यांना हाका मारल्या, ॲम्ब्युलन्स आली.

डोळे उघडले तेव्हा नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क घट्ट बसलेला होता. जन्मभर नाकारलेला मास्क शेवटी त्याच्या तोंडावर चढलाच. वॉर्डात फिनेलचा आणि शिळ्या घामाचा वास होता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा भांड्यात थुंकत होता आणि आपणही असेच दिसत असू, हे कळून पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टर फोन हातात घेऊन खाटेपाशी उभी होती. "छाती जंतूंनी भरली आहे, आणि इथे सगळे दिवस पांढरे. आज सकाळचासुद्धा." मग तिने बायकोकडे वळून विचारलं, "काकू, तुम्ही बघितला होता का रंग? कसा होता?"

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला रंगातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. त्यात टोमणाही नव्हता. त्याने इतकी वर्षं शिकवलेलं वाक्य तिने परत म्हणून दाखवलं, एवढंच. पेंटरने ते मास्कखाली ऐकलं, आणि सगळ्या खोकल्या-थुंकीपेक्षा त्याला त्या क्षणी स्वतःची जास्त घाण वाटली. पिवळ्यात काळ्याचा थेंब पडला की हिरवा होतो, हे गॅरेजमधल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. रोज सकाळी तो मनातल्या मनात तो रंग कालवत होता आणि बोट पांढऱ्यावर ठेवत होता.

त्याने हात उचलून मास्क ओढला.

"हिरवा," तो म्हणाला. श्वास घेतला. "हिने सांगितलं होतं. हिरवाच होता."

सिस्टरने मास्क पुन्हा बसवला. बायको खाटेपासून हलली नाही. संध्याकाळी मुलगी आली. "बाबा, रोज पांढरं बघून मी निर्धास्त राहायचे हो," एवढंच म्हणाली आणि रडली. तिचं ते लाल बदाम आठवून त्याने तोंड भिंतीकडे केलं.

तो वाचला. घरी आला तो आणखी थोडा श्वास गमावून, आणि तो परत मिळणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. फोनमधली बाई तशीच लाडात बोलते आणि तिचा त्याला तसाच संताप येतो. किळसही गेलेली नाही. पण मोरीचं दार आता उघडं असतं. तो पांढऱ्या भांड्यात थुंकतो, तोंड फिरवून भांडं बायकोपुढे धरतो, आणि ती खिडकीच्या उजेडात नेऊन बघते. फोनवर रंग दाबणारं बोटही आता तिचंच.

परवा तिने जरा जास्त वेळ बघितलं.

"पिवळं आहे," ती म्हणाली.

त्याने मान वळवून बघितलं. नुसतं पिवळं कुठलं? हस्तिदंती होतं, कडेला मोहरीची झाक. जीभ वळवळली. बायको बोट अधांतरी धरून त्याच्याकडे बघत उभी होती.

"काय म्हणताय?"

"पिवळं," तो म्हणाला. "लाव सिस्टरला फोन."