उस्तादाला लागत नाही

राइस मिलमधून सुटलेला माणूस सायकलनं फुलचूरला घरी जायचा, तो भलत्याच वाटेनं कामठ्याला पोहोचला. तिथं कोणाच्या तरी अंगणात सायकल लावली आणि चहा मागितला. हे त्याची बायको मला सांगत होती आणि तो शेजारच्या स्टुलावर बसून कौतुकानं ऐकत होता. जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चाललीय.

मी तेव्हा गोंदियातल्या एका दवाखान्यात फिजिशियन होते, म्हणजे चिरफाड न करता औषधगोळ्यांनी उपचार करणारी डॉक्टर. पेशंटचं नाव झनकलाल. पन्नाशीचा, अंगानं दणकट. बायको फुलवंताबाई.

"दारू?" मी विचारलं.

"शिवत नाहीत जी."

"डोक्याला मार लागला कधी? पडले, गाडीवरून घसरले?"

"नाही जी. कधीच नाही."

बाई ठासून बोलली. मी रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक. आजारी माणसाचे सगळे रिपोर्ट चांगले आले की डॉक्टरला आनंद होत नाही, वैताग येतो. उदासीच्या आजारातही माणूस विसराळू होतो, म्हणून त्याच्या गोळ्या दिल्या.

महिन्याभरानं बाई परत आली. "आता तं अंगावर धावून राहिले जी. जन्मात हात उचलला नाही, अन् परवा भाजीत मीठ कमी झालं तं ताट फेकून मारलं. मंग रडत बसले. काऊन रडून राहिले, ते त्याईलेच ठाऊक नाही."

शेजारीण तिला करणी झाली म्हणून सांगत होती. खरं सांगते, माझ्याकडे त्याहून बरं उत्तर नव्हतं.

नागपूरला पाठवून एमआरआय केला, म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून मेंदूचा फोटो. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांचा फोन आला.

"तुमचा पेशंट बॉक्सर आहे का?"

"सर, इथं कुठला आलाय बॉक्सर? मिलमध्ये कामाला आहे."

"वयाच्या मानानं मेंदू सुकलाय. आणि मधल्या पडद्यात फट आहे. काहींना ती जन्मापासूनच असते, पण बॉक्सर लोकांत जास्त दिसते. नीट विचारा."

मी पुन्हा विचारलं. बाई पुन्हा नाही म्हणाली. माझं डोकं चालेना.

पुढच्या खेपेला बापाला घेऊन मुलगा आला. योगेश, वीस-बाविशीचा. कपाळावर ताजी खपली आणि केसांत लाल माती.

"हे काय रे?"

"प्रॅक्टिस, मॅडम. दसऱ्याची. कवेलू फोडाची. बाबा आखाड्याचे उस्ताद होत ना. आता माहा नंबर आहे."

कवेलू म्हणजे छपराची मातीची कौलं. आमच्याकडे मिरवणुकीत आखाडे निघतात. लाठी, दांडपट्टा, आणि सगळ्यांत शेवटी कपाळानं कवेलूंची चळत फोडायची. मी मूळची याच जिल्ह्यातल्या केशोरीची, हे सगळं बघतच मोठी झालेली. तरी डोक्यात आलं नाही. झनकलाल उभं आयुष्य हेच करत आला होता, आणि मिरवणूक वर्षातून एकदा असली तरी सराव महिनोन्‌महिने.

मी फुलवंताबाईला बोलावून घेतलं. "अहो, मी कितीदा विचारलं तुम्हाला?" माझा आवाज चढलाच.

"तुमी मार लागला काय म्हणून विचारलं. तो मार कायचा जी? ते तं बजरंगबलीची सेवा. अन् उस्तादाले लागलं असं आखाड्यात कोणी म्हणत नाही. म्हटलं का विद्या उतरते."

तेव्हापासून मी पेशंटला सणावाराला काय काय करता, तेही विचारते.

बापाचं गेलं ते परत येणार नव्हतं. प्रश्न पोराचा होता. मी त्याला समजावलं. कवटी फुटत नाही, रक्त येत नाही, चक्करही येत नाही, पण आतला मेंदू डब्यातल्या दह्यासारखा हलतो. असे बारीक हिसके वर्षानुवर्षं बसत गेले, तर पुढं कधीतरी मेंदू झिजायला लागतो.

"बाबाले त्याच्यानंच झालं काय? पक्कं?"

"पक्कं नाही सांगता येत. मेल्यावर मेंदू कापून पाहिला तरच कळतं."

"मंग आता कायले सांगून राहिल्या?"

फुलवंताबाई रडायला लागली. पोरगा बापाला घेऊन निघून गेला.

दसऱ्याला मी मिरवणूक बघायला गेले. कशाला गेले, मलाच ठाऊक नाही. पहिलं कवेलू उस्तादानं फोडायचं आणि मग चेल्यांची पाळी, अशी तिथली रीत. मानापुरतं एक म्हणून झनकलालच्या हातात दिलं. त्यानं कपाळावर फोडलं. लोकांनी जयजयकार केला. त्यानं परत हात पुढं केला.

"पहिलं आण."

"फोडलं ना जी बाबा तुमी," योगेश म्हणाला.

"कधी फोडलं? आण."

दुसऱ्या एका चेल्यानं दिलं. झनकलालनं तेही फोडलं. मग पुन्हा पहिलंच मागितलं. उस्ताद रंगात आला असं समजून लोक टाळ्या वाजवत होते. आणखी एक कवेलू कपाळाकडे निघालं, तेव्हा योगेशनं आपला तळहात मध्ये घातला. कवेलू त्याच्या हातावर फुटलं. ढोल थांबले.

"बस करा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "बाबाले लागते. किती सालापासून लागून राहिलं."

जुनी मंडळी भडकली. दोघं-तिघं तर मिरवणूक सोडून गेले. योगेशनं त्या वर्षी कवेलू फोडली नाहीत, पुढंही नाही. आता तो आखाड्यात लाठी शिकवतो.

झनकलाल काही वर्षांनी घरीच वारला. मेंदू तपासायचं मी त्या बाईला कोणत्या तोंडानं विचारणार होते? म्हणून माझ्या कागदावर निदानापुढं आजही प्रश्नचिन्ह आहे. योगेश त्याच्या उत्तरासाठी थांबला नाही, हे बरं झालं.