गयामावशींचा शेजार

गयामावशी माणसाशी बोलता बोलता मध्येच पत्र्याच्या भिंतीशी बोलायच्या. तुर्भ्याच्या डोंगराखालच्या वस्तीत मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर चहा ओतता ओतता त्या भिंतीकडे वळून म्हणाल्या, "संस्थेची पोरगी आली हाय. निळा ड्रेस. लई वाळकी हाय." पलीकडून हुकूम आला, "मग बिस्कीट दे की तिला!"

पलीकडे शेवंताबाई राहायच्या. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि मागेपुढे कुणी नव्हतं. मावशींच्या भाकरीवर आणि मावशींच्या डोळ्यांवर त्यांचं सगळं चाललं होतं.

माझं काम पुनर्विकासाच्या बैठका घेण्याचं. इमारत कशी हवी ते राहणाऱ्यांनीच ठरवायचं, असं आमचं म्हणणं. लोक गप्प बसायचे. मावशींनी मात्र पहिल्याच बैठकीत आर्किटेक्टला फैलावर घेतलं. "कपडे कुठं वाळवायचे? का अंगावरच वाळवायचे?" नकाशात बाल्कनी आली ती त्यांच्यामुळे. पुढे, खालचे मजले पुढाऱ्यांची माणसं लाटणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हाही त्याच उठल्या. "वशिला नको. सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाका. जे निघंल ते निघंल." टाळ्या पडल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

चिठ्ठ्या निघाल्या. मावशी पहिल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. शेवंताबाई शेवटच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. शेजाराचं काय होईल, हे तोवर कुणालाच सुचलं नव्हतं. मावशींनाही नाही.

त्या तिथेच हात जोडून उभ्या राहिल्या. "आमा दोघींना तेवढं शेजारी द्या." मागून एक जण म्हणाला, "मावशी, नियम तुमचाच ना? माज्या आईला पण चालता येत नाय. मग आमाला पण खालचा मजला द्या." मग दुसरा उठला, तिसरा उठला. प्रत्येकाचंच खरं होतं. माइक माझ्या हातात होता. शेवटी मी म्हटलं, चिठ्ठ्या आहेत तशाच ठेवायच्या असतील त्यांनी हात वर करा. हात वर झाले. त्यांत मावशींचाही होता.

बाहेर आल्यावर मी चिडलेच. "मावशी, तुम्ही कशाला हात वर केलात?"

"मंग काय करू बाई? माझ्यापुरता वशिला लावू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "शेवंताला तू सांग. माझ्यानं व्हायचं नाही."

मी गेले. शेवंताबाई दारातच बसल्या होत्या. माझी पावलं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस का गं पोरी? कितवा मजला आला आपला?"