अक्काच्या हळदीचा पिवळा डबा

गेल्या रविवारी पाचोऱ्याला आईकडे होतो. घराला रंग द्यायचाय म्हणून माळा रिकामा करत होतो... आणि एका जुन्या गोधडीत गुंडाळलेला माझा टीव्ही गेम सापडला.

माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. टीव्हीला जोडायचा पांढरा डबा, वर कॅसेट खोचायची फट, वायरचे दोन रिमोट. चालेनासा झाला की कॅसेट काढून फुंकर मारायची. माझा डबा मात्र आता पांढरा नव्हता. वरचं झाकण पिकत घातलेल्या केळ्यासारखं पिवळं झालं होतं.

तो पिवळेपणा मला नवा नव्हता. त्याचा गुन्हेगारही आमच्या घरात कधीचाच ठरलेला होता... माझी मोठी बहीण, अक्का.

अक्काचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. हळद लागली, बायका अंगणात जेवायला बसल्या, आणि ती ओल्या हळदीच्या हातांनीच आत आली. म्हणाली, "चल भाऊ, एक डाव." एकाचे तीन झाले. तिसरा ती मुद्दाम हरली, असं मला आजही वाटतं. डब्यावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. दुसऱ्या दिवशी ती दोंडाईच्याला सासरी गेली.

पुढे डबा पिवळा होत गेला आणि मी म्हणत गेलो, हळद पसरली. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ती माहेरी आली, की गेमला हात लावायच्या आधी माझं एकच वाक्य... "अक्का, आधी हात धुऊन ये." ती हसायची. स्वतःची बाजू तिने कधी मांडली नाही. मी पुढे सायन्स शिकलो, तरी ते वाक्य बदललं नाही. आता लिहिताना लाज वाटते.

सोमवारी जळगावला परतल्यावर डबा घेऊन स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. तिथले नाना जुने रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतात. त्यांना मी हौसेने हळदीची गोष्ट सांगितली.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमची आई हळदीचा डाग पडलेलं लुगडं कुठं वाळत घालायची?"

"उन्हात."

"का?"

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. खान्देशच्या उन्हात तीस वर्षं हळद टिकेल, असं मानणारा मीच असेन.

नाना म्हणाले, हे प्लास्टिकच पिवळं पडतं. आग लवकर धरू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. ऊन, उष्णता आणि हवा लागून ते हळूहळू बदलतं, असं म्हणतात. नुसतं तेवढंच कारण असेल असंही नाही. एकाच डब्याचं वरचं झाकण पिवळं आणि तळ पांढरा राहतो, कारण दोन्ही भाग वेगवेगळ्या घाण्यातल्या प्लास्टिकचे. पार्लरमध्ये केसांचा रंग उडवायला लावतात तसलं क्रीम लावून उन्हात ठेवलं तर पांढरं होतं. पण पुन्हा पिवळं पडणार नाही, याची खात्री नाही.

मला आधी अक्काला सांगायचं होतं. दुकानाबाहेर उभा राहून फोन लावला. म्हटलं, अक्का, तू निर्दोष सुटलीस... माफ कर. वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. म्हणाली, "म्हंजे ती मनी हयद नव्हतीच का रे?"

आम्ही घरात अहिराणीच बोलतो, हळदीला हयद म्हणतो, माझीला मनी. ती सांगत गेली. लग्नानंतर तिचं कपाट आईच्या भांड्यांना गेलं, तिची खोली माझी झाली. आखाजीला आली, की ती आधी त्या डब्याकडे बघायची. "त्या घरमा मनं तेवढंच राहेल व्हतं."

मी माफी मागायला गेलो आणि तिचं उरलेलं तेवढंही काढून घेतलं. खरं सांगायची मला इतकी घाई का असते... हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय.

आत आलो तर नाना डबा फिरवून बघत होते. "डावी बाजू जास्त पिवळी आहे. खिडकी डावीकडे होती का?"

होती. पश्चिमेची. पण गेम पहिल्यापासून तिथे नव्हता. आधी टीव्ही आतल्या भिंतीच्या फडताळात असायचा, तिथे ऊन येतच नसे. खिडकीशी अक्काचं अभ्यासाचं टेबल होतं. ती सासरी गेली, टेबल रिकामं झालं, आणि त्याच आठवड्यात वडिलांनी टीव्ही नि गेम त्यावर ठेवला.

मी पुन्हा बाहेर जाऊन फोन लावला. म्हटलं, तू गेलीस म्हणूनच डबा तुझ्या टेबलावर, उन्हात आला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग तो डाग मनाच शे ना, भाऊ?"

"तुझाच."

"मंग येती आखाजीले मी हात धुवाव नही."

अंधारात ठेवलेले डबेसुद्धा कधीकधी पिवळे पडतात, असंही नानांनी सांगितलं होतं. ते मी तिला सांगायला हवं होतं का? एरवी सांगितलं असतं. या वेळी नाही सांगितलं.

नानांना म्हटलं, फक्त चालू करून द्या, रंगाला हात लावू नका. हळद तर पहिल्याच उन्हाळ्यात उडाली असेल... मागे राहिलं ते अक्काच्या रिकाम्या टेबलावरचं ऊन.