समुद्राचं पाणी आणि देवणीची गाय

नांदेडात बसून समुद्रातल्या जिवाणूंवर पीएचडी करायची म्हणजे लोकांना हसायला आयतं निमित्त. "गोदावरीत समुद्र शोधून राहिलीस का?" लॅबमधले विचारायचे. हसा म्हणावं. मी कोकणात जाऊन शिंपल्यांच्या खडकाखालचा चिखल आणि तिथलंच पाणी कॅनमध्ये भरून आणलं. पुन्हा जायची सोय नव्हती. माझं सगळं काम त्या एका कॅनवर होतं.

वाटेत देवणीला घरी मुक्काम केला. सकाळी बघते तर कॅनमधलं पाणी गायब. आमच्याकडे भरलेलं पाणी कुणी नुसतं पडू देत नाही. टँकरचं निवळून घेतात तसं आईनं वरचं नितळ पाणी गाईच्या बादलीत ओतलं होतं. गाय तोंड लावीना, म्हणून स्वतः चाखलं होतं.

"आपल्या बोअरपेक्षा बी लई खारट हाय की," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले. मग दिसलं, तळाचा गाळ अजून कॅनमध्येच होता. तो ती जास्वंदीला घालणार होती. मी कॅन हिसकावला आणि मिळेल ती एसटी पकडली.

लॅबमध्ये खारं पाणी तयार करून गाळ त्यात सोडला. मासे-शिंपल्यांत आर्सेनिक हे विष असतं, पण सेंद्रिय संयुगात बांधलेलं, खाणाऱ्याला न बाधणारं. शिंपला मेला की समुद्रातले जिवाणू ते संयुग तोडतात आणि आर्सेनिक पुन्हा पाण्यात फिरायला मोकळं होतं. तेच संयुग मी बाटल्यांत घातलं. माझ्या गाळातले तोडणारे जगलेत की नाही, एवढाच प्रश्न होता. यंत्राच्या आलेखावर त्या संयुगाचा उंचवटा हलायलाच तयार नव्हता.

आणि एका दुपारी तो सपाट झाला! तुलनेसाठी ठेवलेल्या, उकळून मारलेल्या गाळाच्या बाटलीत मात्र जसाच्या तसा. म्हणजे हे काम जिवंतांचंच होतं. आईलाच फोन लावून आर्सेनिकचं सगळं सांगितलं.

"म्हंजी मी गाईला इख पाजत होते?"

"न्हाई गं. तसं काही नव्हतं त्यात."

"मग ते किडे तोडत्यात कशाला?"

"पोटासाठी. त्यांचं खाणंच आहे ते."

"मग जेवली का समदी?"

"हाव. फस्त केलं."

"अन् तू?"

सकाळपासून माझ्या पोटात नुसता चहा होता. "न्हाई," म्हणाले, आणि आनंदानं मला रडूच फुटलं.