एकही गुठळी नाही

कल्याणच्या कॉलेजात पीएचडी करताना मी स्टार्च आणि पीव्हीए नावाच्या पॉलिमरच्या मिश्रणाची पॅकिंगची फिल्म बनवायचे. ती मजबूत व्हावी म्हणून त्यात झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर घालायची. पण मेली कधी नीट मिसळलीच नाही! दर वेळी बिघडलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या, आणि हात लावला की फिल्म टरकन फाटायची. नुसता वैताग आलेला.

एकदा मात्र काचेवर ओतून वाळवलेली अख्खी फिल्म अलगद सुटली. एकही गुठळी नाही, ताणली तरी फाटेना. मी धावतच माझ्या गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरून निरखली.

"छान आहे गं. पावडर किती घातलीस?"

आकडा टिपलेला कागद काढायला मी एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला लागली ती सकाळी वजन करून ठेवलेली पावडरची पुडी, जशीच्या तशी.