एक जूनची लेकरं

समोर कोणीही आलं की सर आधी म्हणायचे, "हात दाव." मग तो हात उलटा करून ते बोटांची पेरं दाबायचे, मनगट वळवायचे आणि सोडून द्यायचे. घाटनांदूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाचा हात असा तपासला, तर मागे पाच-सात बायका हात पुढे करून रांगेत उभ्या राहिल्या. सरांना भविष्य काही कळत नव्हतं. बेसबॉल कुठल्या हातात नीट बसेल, एवढंच कळायचं.

आमची शाळा सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेची, पहिली ते दहावी. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी शेजारीच वसतिगृह. सर खेळाचे शिक्षक आणि मी लिपिक. सगळा तालुका क्रिकेटमागे असताना या माणसाने बेसबॉलच का धरला, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलं. "गर्दी न्हाई त्यात," एवढंच ते म्हणायचे. कारखान्याच्या टाकून दिलेल्या रबरी पट्ट्यातून त्यांनी होम प्लेट, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी असते ती पाटी, कापली होती. बॅट आमच्या सुताराने केली, कोयत्यांना मुठी बसवता बसवता.

दुष्काळात शाळेच्या मैदानावर चारा छावणी आली आणि सर संघातल्या पोरींना घेऊन आटलेल्या तलावात उतरले. तळ सपाट, भेगाळलेला. लोक बांधावर उभे राहून हळहळायचे. सर म्हणायचे, "पानी न्हाई म्हनून तर मैदान हाय." हे ते हसून म्हणत नसत. त्या दोन-तीन वर्षांत कुणीच फारसं हसत नव्हतं.

त्या पोरींत मनीषा होती. तिचा चेंडू आला की पकडणारी, कंपाउंडरची मुलगी, ग्लव्हमधला हात झटकत बसायची. मनीषाचे आईबाप दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचे. तिला पहिलीत घातलं तेव्हा प्रवेशाच्या टेबलावर सर आणि मीच होतो. आई म्हणाली, "गुर्जी, हिला ठिवून घ्या. फडात हिच्याकडं कोन बघल?" पोर पाचच वर्षांची होती आणि नियम सहाचा. जन्माची नोंद कुठेच नव्हती. सरांनी तिचा हात पाहिला आणि मला म्हणाले, "एक जून लिवा, भाऊसाहेब. आन् वरीस एक मागं ढकला." मी लिहिलं. तारीख माहीत नसेल तर एक जून लिहायचा, हा सगळीकडचाच रिवाज. त्यामुळे आमची निम्मी शाळा एक जूनला जन्मलेली. शाळा उघडली की पहिल्या दिवशी सर सगळ्यांना पेपरमिंट वाटायचे, वाढदिवस झाला म्हणून.

मनीषाला पुढे कुणीतरी जाणत्याने शिकवायला हवं, असं सरांनी मनावर घेतलं. पुण्याच्या अकादमीचं पत्रक आलं. फी वाचून त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. मग कुठून तरी त्यांना कळलं की श्रीलंकेत एक म्हातारे जपानी प्रशिक्षक महिनाभराचं शिबिर घेतात. प्रवास, जेवणखाण धरूनही ते पुण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडत होतं. परदेश पुण्याहून स्वस्त, हे गावात कुणाला पटेना. तरी दूध संस्थेच्या सभेत सर उभे राहिले आणि सभासदांनी एका सकाळचं दूध मनीषाच्या नावाने घातलं. जनावरं छावणीत हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती, त्यांचं ते दूध.

पासपोर्टचा अर्ज भरायला सर माझ्या टेबलाशी बसले. शिबिराची अट होती, वय पंधराच्या आत. मी रजिस्टर काढलं. कागदावर मनीषा पंधरा ओलांडून गेली होती, खरी होती चौदाची. सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं ते हलेना.

"खोडता येतं का, भाऊसाहेब?"

"न्हाई येत, सर."

मी जन्मतारीख दुरुस्तीचा प्रस्ताव वर शिक्षण खात्याकडे पाठवला. पुराव्याअभावी तो परत आला, तोवर शिबिरही होऊन गेलं होतं. अक्षर माझं होतं, म्हणून ते रजिस्टर उघडायला मला अजून जड जातं.

प्रस्ताव अडकलेला असतानाच सर तिला सांगायला तलावात गेले, तेव्हा सोबत म्हणून मला घेऊन गेले. तिने सगळं ऐकलं. हातातला चेंडू फिरवत म्हणाली, "तवा तसं लिवलं नसतं, तर मी फडातच आसते की, सर."  सर खाली बसले आणि प्लेटवरची माती हाताने साफ करू लागले. ती साफच होती.

श्रीलंकेला मनीषाच्या जागी कंपाउंडरची मुलगी गेली. ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात जन्मली होती, दाखल्यासकट. परत आल्यावर महिनाभर रोज तिने शिकलेलं सगळं मनीषाला दाखवलं. सर बांधावर बसून बघत होते.

त्यानंतर सरांनी पेपरमिंट वाटणं सोडलं. प्रवेशाच्या टेबलावर ते एकेका आईला तासभर बसवून घ्यायचे. पोळ्याच्या आधी का नंतर? टोळी निघाली तेव्हा पोटात होतं का कडेवर? रांग वाढायची, मी वैतागायचो, पण तारीख निघायची. माझ्या रजिस्टरातून एक जून हळूहळू नाहीसा झाला.

सर एकतीस मेला निवृत्त झाले, कागदावर तेही एक जूनचेच. त्या दिवशी आपल्याकडे किती मास्तर निवृत्त होतात, तुम्हीही पाहिलं असेल. नारळ-शाल घेऊन ते माझ्याजवळ आले. थकलेले दिसत होते. "माय सांगायची, मी ज्वारीच्या काढनीत झालो," ते म्हणाले. "माजे अजून नऊ महिने शिल्लक हायत, भाऊसाहेब. ते कुनाला मागायचे?"

त्याच हिवाळ्यात ते गेले. ज्वारी अजून हुरड्यात होती. आईच्या सांगण्याप्रमाणे पाहिलं तर सर नोकरीत असतानाच गेले.

शोकसभेसाठी फळ्यावर मी त्यांचं नाव लिहिलं, खाली सेवापुस्तकाप्रमाणे जन्मतारीख. मनीषा अंबाजोगाईहून कॉलेज बुडवून आली होती. फोटोला हार घालून ती फळ्यापाशी थांबली. तळहाताने तिने 'एक जून' पुसलं आणि खडू घेऊन तिथे लिहिलं, 'ज्वारीची काढणी.' मग खडूने पांढरा झालेला हात तिने माझ्यापुढे धरला. मी रुमाल दिला. फळा तसाच राहू दिला.