आई ओझरला राहायला आली

मी हवाई दलात गेले तेव्हा आईने आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत पेढे वाटले आणि सांगून टाकलं, पोरगी विमान चालवते. मी होते लॉजिस्टिक्स शाखेत. सुटे भाग, इंधन, तंबू, गणवेश, ज्याला जे लागेल ते वेळेवर पोचवायचं, हे आमचं काम. सुट्टीत आले की मी तिला समजावायचे. ती म्हणायची, "असू दे गं. लोकांना तेवढं कुठं कळतंय?"

आसाम, राजस्थान, पंजाब असं फिरत फिरत मी ग्रुप कॅप्टन झाले आणि बदली थेट ओझरला आली. वडील तिथल्याच विमान कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर आई कॉलनीत एकटीच राहायची, पण माझ्याकडे यायला काही तयार होईना. शेवटी मोतीबिंदूने ते जमवलं. ऑपरेशननंतर काही दिवस एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कपड्यांची एक पिशवी आणि पितळेची बुद्धमूर्ती घेऊन ती आली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. आई जेवणाच्या टेबलाशी बसून चाचपत मटार सोलत होती. मी समोर फोनवर. पूरग्रस्तांसाठी सामान भरलेलं विमान आमच्या धावपट्टीवर एका सुट्या भागासाठी अडकलं होतं, आणि तो भाग घेऊन मुंबईहून निघालेला ट्रक कसारा घाटातल्या कोंडीत. दुपारभर माझे फोन चालू. घाटातले पोलीस, इंजिनिअर, वैमानिक, पुन्हा ट्रकवरचा आमचा सार्जंट. त्याला मी विचारलं, "ड्रायव्हर जेवलाय का? मग आधी त्याला काहीतरी खायला घाला."

आईचे हात थांबले.

ऊन कलताना विमान घरावरून गेलं. खिडकीची तावदानं थरथरली.

"गेलं?" आईने विचारलं.

"गेलं."

"काय काय हाय त्यात?"

"औषधं, ब्लँकेटं, दूध पावडर."

"सगळं तू धाडलंस?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून."

संध्याकाळी कॉलनीतल्या शेजारीण मावशींचा तिला फोन आला. मी स्वयंपाकघरात मटाराची उसळ ढवळत होते. आईचा आवाज तसाही मोठाच. "नाय गं, ती विमान चालवत नाय. मीच इतकी वर्षं चुकीचं सांगत आले. पण ती नसली ना, तर विमान जागचं हलत नाय."

मी गॅस बारीक केला आणि उगाच तिथेच उभी राहिले.

सोमवारी पट्टी काढायला तिला पंचवटीतल्या दवाखान्यात नेलं. नंतर तिला घरी सोडून तसंच ऑफिसला जायचं म्हणून मी गणवेशातच होते. डॉक्टरांनी पट्टी काढली, औषधाचे थेंब घातले, आणि विचारलं, "आजी, दिसतंय का?"

हात लांब करून आईने माझ्या कानावरच्या बटा मागे सारल्या.

"केस कधी पिकले गं तुझे?"

"झाली की बरीच वर्षं."

"मला कुणी सांगितलं पण नाय."

परतताना तिने बाजारात गाडी थांबवायला लावली. मेथीच्या दोन जुड्या स्वतः निवडून घेतल्या, मला हात लावू दिला नाही. गाडी ओझरच्या रस्त्याला लागली तरी बाहेर तिचं लक्षच नव्हतं. जुड्या मांडीवर ठेवून ती माझ्याकडेच बघत बसली होती.